पुरतंय का दूध?

बाळंतिणीला कुणी विचारत नाही की बाई, तू झोपलीस का. टाके दुखतात का, हेही फार जणी विचारत नाहीत. दारातून आत येणारी प्रत्येक बाई चपला काढता काढता एकच विचारते, "पुरतंय का दूध?" मांजरसुंब्यात, माहेरी, सव्वा महिन्यात हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की पाचव्या दिवसानंतर मी मोजणं सोडून दिलं.

मांजरसुंबा तुम्ही कदाचित पाहिलेलं असेल, फक्त लक्षात नसेल. बीडहून सोलापूरकडे निघालं की घाट लागतो, घाट चढून आलं की आमची चौफुली. एक रस्ता पाटोद्याकडे जातो, एक केज-अंबाजोगाईकडे. एसटी थांबते, लोक चहा पितात, वडापाव खातात, पुढं जातात. जवळच कपिलधार आहे, पावसाळ्यात धबधबा बघायला पोरं येतात, रील काढतात. बाकी गाव म्हणजे रस्त्यावरचं गाव. येणाराजाणारा इथून जातोच. त्यामुळे मला बघायला येणाऱ्यांना बहाणा लागत नव्हता. "इकडूनच चाललो होतो," म्हणत सगळे यायचे. आणि रिकाम्या हातानं कुणीच यायचं नाही.

मावशीनं हळीव आणलं. काकूनं डिंकाचे लाडू. आत्यानं खारीक-खोबरं, खसखस आणि वर सूचना, की बाजरीची भाकर आणि शेपूची भाजी सोडायची नाही. आजीनं बाळंतशोपा तव्यावर भाजून डबीत भरून ठेवल्या, प्रत्येक जेवणावर चिमूटभर. मेथीचे लाडू एवढे कडू होते की मी ते पाण्याबरोबर गोळीसारखे गिळायचे. आणि पुण्याच्या चुलत वहिनीनं आणला तो डबा. शतावरीचे दाणे, वेलचीच्या वासाचे, दुधात दोन चमचे दोन वेळा. डब्यावर एक हसणारी आई, तिच्या मांडीवर एक गुबगुबीत बाळ. दोघांचेही केस विंचरलेले. माझे नव्हते.

फोनचंही तेच. रात्री तीन वाजता एका हातानं मी एकदाच काहीतरी शोधलं, "आईचं दूध वाढवण्यासाठी", आणि फोनला कळलं. मग लाडू आले, कुकीज आल्या, चहा आला, कॅप्सूल आल्या. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात भीती घालून: तुमच्या बाळाचं पोट खरंच भरतंय का? शेवटी लिंक. डब्यातलं बाळाचं दूध आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पण हा कायदा बाळाच्या डब्याचा. आईच्या डब्याला तो लागत नाही. त्यामुळे ज्या भीतीवर पूर्वी दुधाची पावडर विकली जायची, त्याच भीतीवर आता दाणे विकले जातात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी माझी मुलगी रडायला लागली ती थांबेचना. पाजलं, पुन्हा रडली. पुन्हा पाजलं, पुन्हा रडली. आई हळूच म्हणाली, "पोटभरी होईना लेकराची. वरचं दूध द्यावं का?" तिचा आवाज अगदी मऊ होता, पण मला ते वाक्य एखाद्या निकालासारखं लागलं. सिझेरियन झालेलं, अंगात ताकद नाही, आणि जे एक काम शरीरानं आपोआप करायचं तेही होत नाही, असं वाटून मी भिंतीकडे तोंड करून रडले. डब्याचं झाकण त्या रात्री पहिल्यांदा उघडलं. चव चांगली होती. खरं सांगायचं तर दिवसभरातली ती एकच गोष्ट मला आवडायची.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्यांच्या घरी सहा फेऱ्या ठरलेल्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. तान्ह्या बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायची ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातच, गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी सिद्ध करून दाखवली, आणि मग ती देशभर गेली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की एक बाई आली, तिनं झोळीच्या काट्यात माझ्या मुलीला टांगलं, आणि वजन जन्माच्या वेळेपेक्षा दोनशे ग्रॅमनं कमी भरलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे बघितलं.

आशाताई म्हणाल्या, "अगं उतरतंच. पहिल्या आठवड्यात सगळ्याच लेकरांचं उतरतं. पंधरा दिवसांत भरून आलं पाहिजे. लघवी किती वेळा करती?" मी सांगितलं, सहा-सात वेळा. "मग दूध चाललंय पोटात. आत गेल्याशिवाय भाईर कसं येईल?" एवढा साधा हिशेब आमच्या घरात जमलेल्या आठ बायकांपैकी एकीनंही केला नव्हता. सगळ्या माझ्या छातीकडे आणि ताटाकडे बघत होत्या, लंगोटाकडे कुणीच नाही.

मग त्यांनी मला पाजताना बघितलं. मुलगी नुसतं टोक धरत होती. त्यांनी उशी काढून टाकली, मला टेकून बसवलं, मुलीचं पोट माझ्या पोटाला लावलं, विरुद्ध हातानं तिची मान आधाराला धरली आणि तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं. खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग जास्तीत जास्त तोंडात, हनुवटी छातीत रुतलेली. पहिल्यांदाच दुखलं नाही. पहिल्यांदाच मला गिळल्याचा आवाज आला. (आयआयटी मुंबईच्या डॉ. रूपल दलाल यांचे याच पकडीवरचे स्पोकन ट्युटोरियल व्हिडिओ मराठीतही आहेत. तुमच्या घरात कुणी बाळंतीण असेल तर डब्याच्या आधी तिला ते पाठवा.) चौदाव्या दिवशी वजन जन्मापेक्षा पन्नास ग्रॅम जास्त होतं.

आता यातलं काय कामी आलं? मावशी म्हणते हळीव. वहिनी म्हणते शतावरी. आजी म्हणते बाळंतशोपा. मला वाटतं पकड. पण सगळं एकाच आठवड्यात चालू होतं, त्यामुळे माझ्या एकटीच्या अनुभवावरून कुणाचंच म्हणणं सिद्ध होत नाही. म्हणूनच मी वाचायला लागले. रात्री दोन-दोन तास जागायचं असेल तर माणूस काहीतरी वाचणारच.

शतावरीवर आपल्याकडे खरोखरच्या चाचण्या झाल्या आहेत. १९९६ मध्ये 'इंडियन पीडिअॅट्रिक्स'मध्ये एक आली. दूध कमी पडतंय अशी तक्रार असलेल्या ६४ आया, अर्ध्यांना शतावरीचं औषध, अर्ध्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं. दूध तयार करायला लावणारं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. दोन्ही गटांत त्यात फरक पडला नाही. २०११ मध्ये दुसरी चाचणी आली. ६० आया, ३० दिवस, शतावरीच्या मुळीची पूड. इथे शतावरी घेणाऱ्यांचं प्रोलॅक्टिन साधारण ३३ टक्क्यांनी वाढलं, न घेणाऱ्यांचं १० टक्क्यांच्या आत. म्हणजे एक नाही म्हणते, एक हो म्हणते, आणि दोन्ही मिळून सव्वाशेही बायका नाहीत. आमच्या गावात एका लग्नाच्या पंगतीत याहून जास्त बायका जेवतात.

२०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं जगभरातल्या अशा ४१ चाचण्या आणि ३००५ आया एकत्र मांडल्या. त्या यादीत मेथी आहे, बडीशेप आहे, शेवगा आहे, आलं, खजूर, केळफूल आहे, आणि डुकराच्या पायाचं सूपही आहे. प्रत्येक देशाची आजी काही ना काही शिजवते आहे. निष्कर्ष असा, की यांनी दूध वाढत असेलही, पण पुरावा इतका कच्चा आहे की खात्रीनं काही म्हणता येत नाही. मला हा निष्कर्ष आवडला, कारण तो ना आजीला खोटं ठरवतो ना डबेवाल्याला खरं.

दूध कसं तयार होतं याबद्दल मात्र फार वाद नाही. बाळ ओढतं, मेंदूला निरोप जातो, प्रोलॅक्टिन दूध बनवतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. छाती रिकामी झाली की पुन्हा भरायचा हुकूम निघतो. भरलेलीच राहिली की शरीराला वाटतं, गिऱ्हाईक नाही, आणि कारखाना मंदावतो. रात्रीचं पाजणं जास्त मोलाचं, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. पहिल्या दिवशी बाळाचं पोट चमचाभराचंच असतं, तिथे चीकच पुरतो. खरोखर दूध कमी असलेल्या आयाही असतात, हेही सांगायला हवं: थायरॉईड बिघडलेलं, बाळंतपणात खूप रक्त गेलेलं, वारेचा तुकडा आत राहिलेला, ग्रंथींची वाढच कमी झालेली. त्यांना "नुसतं पाजत राहा" म्हणणं क्रूर आहे. त्यांना तपासणी हवी, आणि गरज असेल तर बाळाला वरचं दूध, कसलाही अपराधीपणा न घेता. आणि मेथीनं रक्तातली साखर उतरते. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या बाळंतिणीनं मूठमूठ मेथी खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, एवढं तरी लाडू देणाऱ्यांनी सांगायला हवं.

आयुर्वेदाचं नाव घेऊन डबा विकतात म्हणून मी चरकसंहितेकडेही वळले. सूत्रस्थानात दूध आणणाऱ्या दहा औषधांचा एक गण दिलेला आहे, स्तन्यजनन. मला वाटलं पहिलीच शतावरी असेल. ती त्या दहांत नाहीच! शतावरीला दूध वाढवणारी म्हणतात ते भावप्रकाशासारख्या नंतरच्या ग्रंथांत. चरकाच्या यादीत आहेत वाळा, साळी, साठ दिवसांत येणारा साठीचा भात, दर्भ, कुश, काश, रोहिष गवत... जवळजवळ सगळी गवतं आणि त्यांची मुळं. गवताच्या मुळांचा डबा काही मला कुठल्या मेडिकलवर दिसला नाही.

यातला काश म्हणजे उसाचा रानटी भाऊ. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात गेल्या शतकाच्या सुरुवातीला उसाचा संकर या काशाशीच केला गेला, आणि आज शेतात उभ्या असलेल्या उसात त्याचा अंश आहे. बीडच्या माणसाला ऊस म्हटलं की काय आठवतं ते वेगळं सांगायला नको.

चरकातच, शारीरस्थानात, दूध वाढवणाऱ्या गोष्टींची आणखी एक यादी येते. त्यात पातळ, गोड, खारट आहार आहे, दूध पिणं आहे, मांस आहे, चक्क मद्यसुद्धा आहे. आणि त्यांच्याच रांगेत एक शब्द आहे: अनायास. आज आपण तो 'सहज' या अर्थानं वापरतो. तिथे त्याचा अर्थ कष्ट न करणं. औषधांच्या रांगेत, औषधाइतकाच.

आमच्या मागच्या आळीत एक वहिनी राहते. नात्यानं नाही, गावानं वहिनी. तिची मुलगी माझ्या मुलीपेक्षा दोन महिन्यांनी मोठी. दुपारी ती माझ्याकडे यायची, दोघी मिळून पाजत बसायचो. तिला दूध भरपूर होतं. तिला कुणी हळीव आणलं नव्हतं, भाकर, बेसन आणि मिळेल ती भाजी. याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, आता वाटत नाही. आईची आबाळ झाली तरी शरीर स्वतःतलं काढून बाळाला देतं. दूध फार कमी होत नाही, आई खंगते. आपल्याकडच्या आहारतज्ज्ञांचं गणित असं की पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. हळिवाच्या आणि डिंकाच्या लाडवाचं खरं काम मला इथं दिसतं. त्यानं दूध वाढो न वाढो, बाईच्या पोटात तूप, गूळ, खोबरं जातं. जी सून एरवी सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते, तिला सव्वा महिना आधी वाढलं जातं, तेही बाळाच्या नावानं. माझ्या आजीला प्रोलॅक्टिन माहीत नव्हतं, पण सुनेच्या ताटात तूप कसं पाडून घ्यायचं हे तिला बरोबर माहीत होतं.

वहिनीच्या नवऱ्यानं पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. अर्धा कोयता जात नाही. दिवाळी झाली आणि चौफुलीवरून ट्रक जायला लागले, वर भांडी, पत्रे, शेळ्या, पोरं. वहिनी चार महिन्यांची मुलगी आणि आठ वर्षांची थोरली घेऊन सांगलीकडे गेली. जाताना मला म्हणाली, "तू बस बाई निवांत. तुला काय, सरकारी सुट्टी." माझी सुट्टी सरकारी नव्हती, पुण्याच्या कंपनीची होती. पण २६ आठवडे, भरपगारी, २०१७ च्या कायद्यानं. वहिनी एका दिवशी कामावर गेली नाही तर तो खाडा. पैसे तर बुडतातच, वर कापतातही.

तीनेक आठवड्यांनी तिचा फोन आला. मागे ट्रॅक्टरवर गाणी चालू होती.

"तुपल्या डब्यानं दूध येतं का गं?"

"का?"

"आटलंय. पहाटं चारला फडात जावं लागतं. लेकरू कोपीवर, थोरलीपाशी. मोळ्या वाहून गाडी भरूस्तोवर दुपारचे तीन वाजत्यात. छाती दगडावानी व्हती, मग गळून जातं सगळं. आता तर दगडबी होईना."

मी तिला सगळं सांगितलं. पहाटे निघण्याआधी पाज. वाढे बांधताना वेळ मिळाला तर हातानं पिळून काढ, फेकायचं तर फेक, पण छाती भरलेली ठेवू नकोस. स्वच्छ वाटीत काढून झाकून ठेवलंस तर चार तास चालतं, थोरलीला बोंडल्यानं पाजता येईल. रात्री जवळ घेऊन झोप, मागेल तेवढं दे. ती "हां, हां" म्हणत ऐकत होती. मग म्हणाली, "फडात कुठं आडोसा असतो गं? आन हात कुठं धुवू? पाचटाला पुसू का?"

मी गप्प बसले. ती पुन्हा म्हणाली, "डबा केवढ्याला मिळतो?"

सुश्रुतसंहितेत म्हटलंय की बाळाच्या स्पर्शानं, त्याला बघून, त्याच्या नुसत्या आठवणीनंही आईला पान्हा फुटतो. आजचे डॉक्टर याला ऑक्सिटोसिन म्हणतील. फडात उभ्या असलेल्या वहिनीला आठवण येत नव्हती असं थोडंच आहे? आठवणीनं पान्हा फुटायचाच, ब्लाउज भिजायचा, त्यावर पाचटाची कुसळं चिकटायची. पण ओढणारं तोंड सहा-सात तास लांब असलं की कारखाना बंद व्हायला लागतो. त्याला शतावरी काय करणार?

तरी मी डबे पाठवले. दोन. चौफुलीवरून तिकडं जाणाऱ्या टोळीच्या गाडीत, सोबत आईनं बांधून दिलेले डिंकाचे लाडू. पाठवण्याआधी सहज डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. अशा बहुतेक डब्यांसारखंच, सगळ्यात जास्त काय, तर साखर. सांगलीकडे ऊस तोडायला गेलेल्या बाईला मी बीडहून साखर पाठवत होते, वेलचीचा वास लावून.

माझी रजा मार्चमध्ये संपली. ऑफिसात एक छोटी खोली आहे, आतून कडी लागते, फ्रिज आहे. दिवसातून दोनदा मी तिथे पंप लावून बसते. माझं दूध तेव्हाही चालू होतं, आजही आहे. दाण्यांचा डबा मी कधीच बंद केला. कधी बंद केला ते आठवतही नाही.

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परत आल्या. उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा वहिनी भेटली. वाळली होती. मी डब्यांचं विचारलं तर हसली. म्हणाली, "मी खाल्लं पंधरा दिवस. मग थोरलीनंच संपवलं. गोड लागतं ना. चहात टाकून प्यायची, कोरंबी खायची." धाकटीला पाचव्या महिन्यापासून वरचं दूध, पातळ केलेलं, आणि बिस्किट. रात्री अजून अंगावर पिते, थोडं थोडं.

आशाताईंनी त्या दिवशी धाकटीचं वजन केलं. नऊ महिन्यांची, ६ किलो २०० ग्रॅम. तक्त्यावर टिंब पिवळ्या पट्ट्यात पडलं. त्याच्या आधीचं टिंब दिवाळीतलं होतं, हिरव्यात. मधले पाच महिने कोरे. मी विचारलं, तिकडं कुणी वजन केलं नाही का? वहिनी म्हणाली, "केलं की. रोज करायचे, कारखान्याच्या काट्यावर. उसाचं."